नऊजणांतला शेवटचा

सकाळचे सव्वादहा झाले होते आणि पावणेदहाला उचललेला फोन काकांनी अजून खाली ठेवला नव्हता.

"हो, हो, मी इथेच आहे. चहालासुद्धा उठणार नाही. तुम्ही खाली बसलात का? अहो, लाज कसली त्यात, लिफ्टमध्ये तुम्ही एकट्याच तर आहात! पिशवी मांडीवर नको, बाजूला ठेवा. हां. आता सांगा, नातू कितवीत आहे म्हणालात?"

लिफ्ट बसवणाऱ्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या एका मोठ्या कंपनीची ही तक्रार-खोली. कुठल्याशा इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये सत्तरीच्या एक बाई अडकल्या होत्या. नियम सोपा होता. पत्ता घ्यायचा, मेकॅनिकला कळवायचं, 'माणूस निघालाय' असं सांगायचं आणि फोन ठेवायचा. सगळं सहा मिनिटांच्या आत. समोरच्या भिंतीवर एक भलामोठा पडदा होता, त्यावर खोलीतल्या नऊजणांची नावं आणि प्रत्येकाच्या फोनची सरासरी दिवसभर झळकत असे. सहाच्या आतले हिरवे, सहाच्या वरचे लाल. काका कायम लाल. मेकॅनिक दार उघडून माणसाला बाहेर काढेपर्यंत ते फोन ठेवतच नसत. कोणी टोकलं तर म्हणत, "माणूस निघालाय हे आपल्याला माहीत. आत अडकलेल्याला ते दिसतंय थोडंच?"

कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमधून ताई हे सगळं बघत होत्या. ताई या खोलीच्या प्रमुख. वय सेहेचाळीस, कंपनीत बावीस वर्षं, आणि आवाज न चढवता काम करून घेण्याबद्दल प्रसिद्ध. काका त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, पण मान ताईंना द्यायचे. आज काकांचा फोन एकतीस मिनिटांनी संपला. "आल्या बाहेर," ते खोलीला उद्देशून म्हणाले आणि उठून चहा घ्यायला गेले. ताईंना हसू आलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. वरच्या मजल्यावरून साहेबांनी बोलावलं होतं.

साहेबांनी कशासाठी बोलावलं ते कळायचं तर या कंपनीतली एक चाल आधी समजून घ्यायला हवी. जुन्या काळातल्या दुष्ट चालीरीतींना आपण उठता-बसता नावं ठेवतो. ते लोक अडाणी होते, असं म्हणून मोकळे होतो. ही चाल मात्र अडाण्यांनी काढलेली नाही. चांगल्या शिकल्या-सवरलेल्या, इस्त्रीचे कपडे घालून गार खोलीत बसणाऱ्या लोकांनी ती काढलेली आहे. चाल अशी की दर वर्षी प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या माणसांची क्रमवारी लावायची आणि त्यातल्या एकाला 'ई' शेरा द्यायचा. 'ई' म्हणजे कामात कमी. सगळे चांगले असले तरी एकाला द्यायचाच. सगळेच चांगले असतील तर काय करायचं, असं एका प्रमुखाने सुरुवातीला विचारलं होतं. सगळे चांगले असूच शकत नाहीत, असं त्याला लेखी उत्तर आलं.

पहिल्या वर्षी ताईंनी हे काम अगदी प्रामाणिकपणे केलं. चार रात्री विचार करून त्यांनी एका तरुणाला 'ई' दिला. तो बोलताना किंचित अडखळायचा, एवढाच त्याचा दोष. शेरा मिळाल्यावर तो जास्त अडखळायला लागला. मग एकटा जेवायला लागला आणि चार महिन्यांनी नोकरी सोडून गेला. ताईंच्या मनाला ते फार लागलं. आपल्या हातून असं पुन्हा व्हायला नको म्हणून पुढच्या वर्षी त्यांनीच एक तोड काढली. चहाच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं, नऊ चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि एक उचलायला लावली. जिचं किंवा ज्याचं नाव निघेल त्याचा त्या वर्षी 'ई'. एकदा नाव निघालं की त्याची चिठ्ठी पुन्हा डब्यात पडणार नाही. म्हणजे नऊ वर्षांत प्रत्येकाचा एकेक, कुणालाच फार लागायला नको. दगडापेक्षा वीट मऊ.

आणि कशी मजा यायची! शेऱ्याखाली कारणाच्या तीन ओळी लिहाव्या लागत. त्या सुचवायला सगळे पुढे. "ताई, माझ्यासाठी काहीतरी भारी लिहा, आळशी वगैरे नको." एकीने तर स्वतःसाठी 'सहकाऱ्यांना गरजेपेक्षा जास्त हसवते' असं सुचवलं होतं. ताईंनी ते बदलून 'कामात एकाग्रतेचा अभाव' असं लिहिलं आणि सगळे पोट धरून हसले होते.

चिठ्ठ्यांच्या दुसऱ्या वर्षी काकांचं नाव आलं. चौथ्या वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, नाव निघालं धाकटीचं. धाकटी म्हणजे खोलीतली सगळ्यांत लहान मुलगी, तेव्हा नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली आणि अजून कायम न झालेली. 'ई' आला असता तर ती कायम झालीच नसती. चिठ्ठी उलगडताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. काकांनी ती तिच्या हातातून काढून घेतली, चुरगळून खिशात टाकली आणि म्हणाले, "माझं लिहा हो ताई. मला काय, एकाला दोन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनीही वाजवल्या.

*

साहेब अडतिशीचे, मृदू बोलणारे. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्यांच्यावर मनसोक्त चिडता आलं असतं.

"बसा मॅडम. पाणी?"

"नको. काय काम होतं?"

"वरून सूचना आली आहे. पाच वर्षांत दोनदा 'ई' आलेल्या माणसांना यंदा मोकळं करायचं. तुमच्याकडे एकच आहे. तुमचे ते काका."

"मोकळं म्हणजे?"

"म्हणजे मोकळं." साहेबांनी एक कोरा छापील कागद पुढे सरकवला. "शुक्रवारी दुपारपर्यंत कारणपत्र द्या. कामगिरी कशी घसरत गेली, सुधारायची संधी कशी दिली, तरी फरक कसा पडला नाही. दोन पानं पुरे. खाली प्रमुख म्हणून तुमची सही."

मग ताई बोलल्या. बावीस वर्षांत वरच्या मजल्यावर कधी बोलल्या नव्हत्या तितकं बोलल्या. चिठ्ठ्या, डबा, कारणांच्या खोट्या ओळी, धाकटी, सगळं सांगून टाकलं. साहेब धक्का बसून उठतील असं त्यांना वाटलं होतं. साहेबांनी फक्त पेनाचं टोपण लावलं.

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळेच करतात काही ना काही. तुम्ही चिठ्ठ्या टाकता. हिशेब विभागात नव्या माणसाला देतात. गोदामात ज्याला लवकरच निवृत्त व्हायचंय त्याला. मीही माझ्या वेळी आळीपाळीनेच लावायचो."

"मग या शेऱ्यांना अर्थ काय राहिला?"

"अर्थ नाही, मॅडम. आकडा आहे. वरून आकडा मागितला आहे, तो या यादीतून निघतो. मीही कुणाच्या तरी यादीत आहेच की."

"आणि मी हे सगळं लेखी दिलं तर?"

साहेब खरोखरच काळजीने म्हणाले, "तर चौकशी होईल. पाच वर्षं खोटी कागदपत्रं केली म्हणून. तुमची होईल आणि चिठ्ठी उचलणाऱ्या सगळ्यांची होईल. त्या मुलीचीही. एकासाठी आठजणांना का अडकवता? विचार करा."

ताई जिना उतरून खाली आल्या. आपण दुसऱ्यांना वाचवायला म्हणून जो डबा ठेवला, त्याच डब्यात काकांची नोकरी गेली, हे त्यांना एकेका पायरीवर नव्याने कळत होतं.

*

घरी संध्याकाळी जेवताना विषय निघालाच. ताईंचे यजमान शाळेत शिक्षक. शांत, सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सासूबाई निवृत्त मुख्य परिचारिका. तीस वर्षं वॉर्ड चालवलेला असल्यामुळे घरातही त्यांची फेरी असायचीच.

"सही करून टाक," यजमान म्हणाले. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. आणि हे बघ, वर्गातसुद्धा कोणीतरी शेवटचा येतोच."

"येतो ना. पण तुम्ही त्याला शाळेतून काढता का? आणि तो शेवटचा तुम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवता का?"

"तसं नाही गं. पण तू सही केली नाहीस म्हणून काही काका राहणार नाहीत. ते जातील आणि वर तूही जाशील. यातून मिळवलंस काय?"

"मग सही करून काय मिळवू?"

यावर यजमानांनी आणखी थोडं वाढून घेतलं. सासूबाई हात धुऊन परत येऊन बसल्या.

"चिठ्ठ्या टाकायचं डोकं कुणाचं?"

"माझं, आई."

"अस्सं. म्हणजे त्यांनी तुझ्या हातात सुरी दिली आणि तू म्हणालीस, कापते, पण आळीपाळीने कापते."

"मी चांगल्यासाठी केलं हो! कुणाला लागू नये म्हणून केलं!"

"तेच तर सांगतेय. वाईट काम वाईट माणसाने केलं तर चार दिवसांत बोंब होते. चांगल्या माणसाने हसतखेळत केलं की वर्षानुवर्षं चालतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रडू नकोस. रडून आजवर कुठला पेशंट बरा झालेला मी पाहिला नाही."

ताईंना सासूचा भयंकर राग आला. तो राग खरा होता आणि सासूचं म्हणणंही खरं होतं. दोन्ही एकदम खरं असलं की माणसाला भांडी आपटण्यावाचून काही सुचत नाही. त्या दिवशी ताईंच्या स्वयंपाकघरात भांड्यांचा बराच आवाज झाला.

*

बुधवारी ऑफिस सुटल्यावर ताई काकांच्या घरी गेल्या. स्वच्छ, दोन खोल्यांचं घर. खिडकीपाशी शिलाई मशीन आणि त्यावर वाकलेल्या काकू. कुणाच्या तरी पडद्यांना काठ शिवायचं काम चाललं होतं. ताईंना बघताच त्यांनी मशीन थांबवलं.

"या या! बसा. आज कसं येणं केलंत? हे खाली गेलेत, येतीलच इतक्यात." ताई बसल्यावर काकू स्वतःहूनच सांगायला लागल्या. "बरं झालं आलात. मला तुम्हाला एक विचारायचंच होतं. राग मानू नका. कंपनीत यांच्या तोडीचं कोणी नाही, हे मला ठाऊक आहे. परवा बाजारात एकजण आवाजावरून ओळखून पाया पडायला लागला! बायको लिफ्टमध्ये अडकली होती म्हणे, दिवस गेलेले, आणि यांनी पाऊण तास बोलत ठेवलं तिला. मग अशा माणसाला वर का घेत नाहीत हो? हे म्हणतात, मला खुर्चीचा सोस नाही. पण सोस नसला म्हणून कुणी द्यायचीच नाही का?"

"बघू," असं काहीतरी ताई पुटपुटल्या. तेवढ्यात काका आले. ताईंचा चेहरा बघून त्यांनी ओळखलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि "ताईंना खालपर्यंत सोडून येतो" म्हणून ते बरोबर निघाले. जिन्याच्या वळणावर थांबले.

"कळलंय मला. वरच्या मजल्यावरचा शिपाई आपला दोस्त आहे."

"काका, मी..."

"तुम्ही काही म्हणू नका. मी जातो. चार वर्षं राहिली होती, ती घरी काढीन. भांडणार नाही, कुणाचं नाव घेणार नाही. एकच करा. 'कामात कमी' असं लिहू नका. वय झालं लिहा, जागा कमी केल्या लिहा, काहीही लिहा. पण कामात कमी नको." त्यांनी वर दाराकडे पाहिलं. "ते पत्र घरी येईल. माझी पत्रं तीच उघडते."

"काकूंना 'ई'चं काहीच माहीत नाही?"

"नाही सांगितलं. पहिला आला तेव्हा गंमत वाटली, म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या वेळी त्या पोरीसाठी घेतला असं सांगितलं असतं, तर आपल्याच तोंडाने आपला मोठेपणा. मग राहूनच गेलं." ते वर जायला वळले आणि पुन्हा फिरले. "सव्वीस वर्षांत मी एक काम नीट केलंय, ताई. तेवढं पुसू नका."

*

गुरुवारी दुपारी काका फोनवर असताना ताईंनी बाकीच्या आठजणांना चहाच्या खोलीत बोलावलं. डबा ठेवायचा त्याच टेबलाभोवती सगळे उभे राहिले.

"मी खरं लिहून देणार आहे. पण मी एकटीने लिहिलं तर ते माझं डोकं फिरलंय म्हणतील. तुम्ही फक्त एवढंच लिहा, की चिठ्ठ्या टाकल्या होत्या. नऊजणांनी एकदम सांगितलं तर नऊजणांना काढणार नाहीत. फोन कोण उचलणार मग?"

एकजण घसा खाकरून म्हणाला, "ताई, चिठ्ठी उचलली हे खरंच आहे. पण सही म्हणजे... सही म्हणजे सही ना."

"काकांना विचारलंत का? त्यांनाच तमाशा नको असेल."

"युनियन वगैरे असती तर गोष्ट वेगळी."

"मी घरी विचारून सांगते."

ताईंची नजर धाकटीकडे गेली. धाकटी हातातल्या रिकाम्या कपाकडे बघत होती. "ताई," ती म्हणाली, "माझं पोर दोन वर्षांचं आहे हो." आणि रडायला लागली.

ताईंना वाटलं, हिला खांद्याला धरून गदागदा हलवावं. काकांनी चिठ्ठी चुरगळली तेव्हा याच आठजणांनी टाळ्या पिटल्या होत्या. टाळी वाजवायला दोन हात लागतात, तेव्हा ते सगळ्यांकडे होते. आता सहीपुरता एक हात पाहिजे तर सगळे थोटे झाले. त्या बाहेर आल्या. काचेपलीकडे काका फोनवर कुणाला तरी सांगत होते, "घाबरू नका, मी आहे."

*

शुक्रवारी दुपारी ताई साहेबांसमोर जाऊन बसल्या. शेजारी मनुष्यबळ विभागाची एक हसरी बाई फाइल घेऊन बसली होती. ताईंनी छापील कागद कोराच परत ठेवला आणि त्यावर स्वतःच्या अक्षरातली तीन पानं ठेवली. चिठ्ठ्यांची कल्पना माझी, डबा माझा, पाचही वर्षांची कारणं मी रचलेली, इतरांनी माझ्या सांगण्यावरून केलं, असं त्यात लिहिलं होतं. आणि शेवटी काकांबद्दल: माझ्या खोलीतला हा सर्वांत चांगला माणूस आहे.

"मी सही करणार नाही. हे खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे."

साहेबांनी तीन पानं वाचली. सावकाश, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"हात दाखवून अवलक्षण करताय, मॅडम."

"करते."

साहेबांनी निःश्वास टाकला, छापील कागद स्वतःकडे ओढला आणि संगणकात काहीतरी बघून दोन ओळी लिहिल्या. मग ते वाचून दाखवलं. "फोनची ठरलेली मर्यादा सहा मिनिटं. यांची पाच वर्षांची सरासरी साडेअकरा मिनिटं. कामात कमी." खाली त्यांनी स्वतःची सही केली.

"प्रमुखाने नकार दिला तर वरिष्ठाची चालते," हसऱ्या बाईने खुलासा केला. "तशी तरतूद आहे."

"म्हणजे माझी सही लागतच नव्हती?"

"लागत नव्हती असं नाही," साहेब म्हणाले. "तुमची असली की बरी दिसते."

तीन दिवस ताईंनी जिवाचा आटापिटा केला होता. सहीला नाही म्हणायचं धैर्य गोळा केलं होतं, घरी भांडल्या होत्या, सहकाऱ्यांपुढे हात पसरले होते. आणि वरच्यांना त्याने एका टोपणाएवढाही फरक पडला नव्हता. ताईंची तीन पानं त्या बाईने फाइलमध्ये नीट लावली. छिद्रंसुद्धा पाडली.

चार वाजता सुरक्षारक्षक काकांचं ओळखपत्र घ्यायला खाली आला. काका फोनवर होते. कुठल्याशा दवाखान्याच्या लिफ्टमध्ये कोणी अडकलं होतं. काकांनी हाताने त्याला बसायची खूण केली. तो बिचारा बारा मिनिटं अवघडून बसला. मग काका म्हणाले, "आले बाहेर," फोन ठेवला आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिलं. खोलीत आठजण होते. आठही जण फार कामात होते.

*

शनिवारी टपाल येण्याआधी ताई काकांच्या घरी पोहोचल्या. काका घरात नव्हते, सकाळपासून चालायला गेले होते. काकूंना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की कंपनीने माणसं कमी केली. ताईंनी त्या तीन पानांची प्रत काकूंच्या हातात दिली. "कंपनीचं पत्र येईल, त्यात काकांबद्दल वाईट लिहिलेलं असेल. त्याआधी हे वाचा. हे खरं आहे."

काकूंनी चष्मा लावला आणि मशीनपाशीच बसून वाचलं. मधेच एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं, ती धाकटीच्या चिठ्ठीची ओळ असावी. पुन्हा पुढे सरकलं. वाचून झाल्यावर त्यांनी पानं घडी न करता मशीनवर ठेवली.

ताई ओरडून घेण्याची तयारी करून आल्या होत्या. काकू ओरडल्या असत्या तर त्यांना मोकळं वाटलं असतं.

"म्हणजे दर वर्षी तुम्ही सगळे एका खोलीत जमायचात?" काकूंनी विचारलं.

"हो."

"आणि यंदा कुणाला कामात कमी म्हणायचं, त्याची चिठ्ठी काढायचात?"

"हो."

"किती वर्षं?"

"पाच."

"नऊ आणि तुम्ही दहा. एवढी दहा शहाणी माणसं." काकूंच्या आवाजात राग नव्हता. खरंच न समजलेली गोष्ट विचारावी तसं त्या विचारत होत्या. "पाच वर्षांत त्यातल्या एकालाही असं म्हणावंसं वाटलं नाही, की आमच्यात शेवटचं कोणी नाही, जा, काय करायचं ते करा?"

ताईंनी तोंड उघडलं. चौकशीची भीती, घरची जबाबदारी, त्या अडखळणाऱ्या मुलाची कहाणी, सगळी कारणं जिभेवर होती. पाच वर्षं दर वर्षी कारणं लिहून त्यांचा हात चांगला बसलेला होता. पण या बाईपुढे एकही बाहेर पडेना.

"नाही वाटलं," त्या म्हणाल्या.

काकूंनी मान हलवली. "हे ठेवू मी?"

"ठेवा."

"कंपनीचं आलं की त्याच्याशेजारी ठेवीन. यांना दोन्ही दाखवीन." आणि त्यांनी पडद्याचा काठ पुन्हा सुईखाली सरकवला.

*

सोमवारी ताईंच्या टेबलावर यंदाच्या क्रमवारीचा फॉर्म आलेला होता. खोलीत आता आठजण उरले होते, पण आठांतही एक शेवटचा हवाच होता. ताईंवर कारवाईचं काय ते नंतर ठरणार होतं. तोवर काम चालू ठेवावं, असं चिठोऱ्यावर लिहिलेलं होतं. उपयोगी पडणाऱ्या बाईला कोण एकदम काढतं?

अकरा वाजता एकजण दारात येऊन हळूच विचारता झाला, "ताई, यंदा चिठ्ठ्या कधी?"

"यंदा चिठ्ठ्या नाहीत," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका चढला, की पडद्याखाली बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या. त्यांनी फॉर्मवर आठही नावांच्या पुढे एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'या खोलीत शेवटचं कोणी नाही.' त्याखाली सही केली आणि तो कागद चहाच्या खोलीत टेबलावर नेऊन ठेवला.

"पाच वाजता मी हा वर नेणार आहे. माझ्या सहीखाली ज्याला सही करायची असेल त्याने करावी. मागच्या खेपेला मी तुम्हाला विनंती केली होती. या खेपेला करत नाही. काय होईल म्हणाल, तर मला माहीत नाही. बहुतेक माझंच कारणपत्र निघेल."

दिवसभर सगळे चहाला जात राहिले. त्या दिवशी चहा जरा कमीच प्यायला गेला. एकाने वाकून कागद वाचला आणि "छान लिहिलंय" म्हणून निघून गेला. एकीने पेन काढलं, मग तिचा फोन वाजला, मग ते राहिलंच. तीनच्या सुमाराला धाकटी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती सरळ ताईंच्या दारात येऊन उभी राहिली.

"केली मी सही. आणि खाली एक ओळ घातली आहे. दोन वर्षांपूर्वीचा तो 'ई' काकांचा नव्हता, माझा होता, असं. चालेल ना?"

"पोराचं काय?" ताईंनी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं गेलं.

"तेच तर म्हणते. त्याला मोठेपणी काय सांगू?"

पाच वाजता ताईंनी कागद उचलला. त्यावर दोन सह्या होत्या. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणखी कोणी येतं का बघायला. खोलीत फोन वाजत होते, उचलले जात होते, सहा मिनिटांच्या आत ठेवले जात होते. पडद्यावर एकूणएक नाव हिरवं होतं. कोणी आलं नाही. मग त्या जिना चढून वर गेल्या.

उरलेल्या सातजणांची नावं इथे लिहिलेली नाहीत. वाचणाऱ्याला ती ठाऊक असतील.